घरी व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर बांधायचा आहे : ट्रान्सफॉर्मर बडोद्यातच गुंडाळून घ्यावा का?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. गिटारसाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा, एक लहान अँप्लिफायर स्वतःच्या हाताने बांधावा असे बऱ्याच काळापासून मनात होते. आता आराखडा ठरला आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. फेंडर कंपनीच्या जुन्या चँप अँप्लिफायरचे ५एफ१ हे सर्किट निवडले आहे. पुढे सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, शेवटी स्पीकरला ताकद देणारा एकच ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ५वाय३, असे तीनच व्हॉल्व्ह त्यात लागतात. पाच वॉटच्या आसपास आवाज मिळतो आणि घरात वाजवायला तेवढा भरपूर आहे.

अडचण ट्रान्सफॉर्मरची आहे. परदेशातून मागवले तर वजनामुळे टपालखर्च आणि वर जकात मिळून मूळ किमतीच्या पुढे जाते. आपल्याकडे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीपासून वाघोडिया रोडपर्यंत ट्रान्सफॉर्मरचेच काम चालते. मग मेन (घरच्या विजेवरचा) आणि आउटपुट (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) असे दोन्ही ट्रान्सफॉर्मर इथेच करून घ्यावेत का? माझे आजवरचे वाचन असे सांगते की चांगले व्हॉल्व्ह आणि चांगले कॅपॅसिटर घेतले की आवाज साधतो, ट्रान्सफॉर्मर साधा असला तरी चालून जाते. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा व्हॉल्व्हांवर करण्याचा विचार आहे. अनुभवी लोकांनी कृपया मत द्यावे.

रावपुऱ्याचा रेडिओ

मांजलपूरकर, काम मनापासून करायला घेतले आहे हे वाचून आनंद झाला, पण खर्चाचा क्रम तुम्ही उलटा लावला आहे. व्हॉल्व्ह पुढे कधीही काढून दुसरा बसवता येतो, कॅपॅसिटर पाच मिनिटांत बदलता येतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकदा चॅसिसवर बसला की अँप्लिफायरचा आवाज तोच ठरवतो.

कारण असे. तुमच्या सर्किटमध्ये शेवटचा व्हॉल्व्ह एकटाच आहे, आणि त्याचा चाळीस-पंचेचाळीस मिलिअँपिअरचा डीसी प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीतून, सतत वाहत राहतो. या डीसीमुळे गाभा आधीच एका दिशेने चुंबकित झालेला असतो. मेन ट्रान्सफॉर्मर बांधणारा कारागीर हातच्या सवयीने स्टॅम्पिंग, म्हणजे गाभ्याचे ई आणि आय आकाराचे लोखंडी पत्रे, आलटून पालटून भरतो, म्हणजे एक ई डावीकडून, पुढचा ई उजवीकडून. मेनसाठी ते अगदी योग्य आहे. तुमच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मात्र सगळे ई एका बाजूने आणि सगळे आय दुसऱ्या बाजूने यायला हवेत, आणि दोन्हींच्या मध्ये कागदाची पातळ पट्टी घालून फट ठेवायला हवी. ही फट नसेल तर गाभा डीसीनेच भरून जातो आणि सिग्नलला जागा उरत नाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. फट नसलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तो फाटका आणि पातळ येतो, आणि वाजवणारा बिचारा व्हॉल्व्ह बदलत बसतो.

दुकानदाराला नुसते "आउटपुट ट्रान्सफॉर्मर करून द्या" असे सांगू नका. "एकाच व्हॉल्व्हचा आहे, फट ठेवायची आहे" हे कागदावर लिहून द्या.

हरणी रोड

काकांचे म्हणणे शंभर टक्के पटले. यानिमित्ताने माझाही एक प्रश्न. आमच्या माळ्यावर आजोबांचा जुना रेडिओ पडून आहे. त्यातले ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह काढून असा अँप्लिफायर होईल का?

बॉबिन

मी वाइंडिंगच्याच व्यवसायात आहे, म्हणून आधी मूळ प्रश्नाचे उत्तर देतो.

बडोद्यात ट्रान्सफॉर्मर बनतात हे खरे, पण मोठे कारखाने वीजवितरणाचे ट्रान्सफॉर्मर बनवतात. त्यांच्या दारात एका नगासाठी उभे राहून उपयोग नाही. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर आणि पॅनेलचे कंट्रोल ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारी लहान वर्कशॉप मकरपुऱ्यात आहेत, तिकडे जा. आकडे तुम्ही नेलेत तर काम नक्की होईल. आकडे न नेता गेलात तर त्यांच्या अंदाजाने होईल.

मेन ट्रान्सफॉर्मरचा हिशेब सांगतो. ५० हर्ट्झला आणि गाभ्यात एक टेस्ला धरून, एका व्होल्टला लागणारे वेढे म्हणजे ४५ भागिले गाभ्याचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. सव्वा इंची जिभेचे स्टॅम्पिंग सव्वा इंच जाडीपर्यंत भरले तर क्षेत्रफळ साधारण दहा चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे व्होल्टला साडेचार वेढे. २३० व्होल्टच्या प्रायमरीला १०३५ वेढे झाले. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या ६.३ व्होल्टला हिशेबाने २८ वेढे येतात, पण लोडवर व्होल्टेज थोडे उतरते म्हणून ३० घालावेत. तुमच्या सर्किटला ३२५-०-३२५ व्होल्ट ७० मिलिअँपिअर, ६.३ व्होल्ट २ अँपिअर सेंटर टॅपसह (गुंडाळीच्या मध्यातून काढलेली तार) आणि ५वाय३ साठी ५ व्होल्ट २ अँपिअर अशा तीन सेकंडरी, म्हणजे बाहेर वीज देणाऱ्या गुंडाळ्या, लागतील. हा गाभा त्याला आरामात पुरतो.

तीन गोष्टी मुद्दाम सांगून करून घ्या. पहिली, प्रायमरीला २३० बरोबर २४५ व्होल्टचाही टॅप काढून घ्या. रात्री उशिरा आपल्याकडे लाइन चढते आणि जुन्या व्हॉल्व्हांच्या हीटरला ते सोसत नाही. दुसरी, प्रायमरी आणि सेकंडरी यांच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक वेढा घालून त्याची तार बाहेर काढा आणि ती अर्थला जोडा. त्या पत्र्याची दोन टोके एकमेकांना टेकता कामा नयेत, मध्ये लेदरॉइड हा इन्सुलेशनचा कागद हवा, नाहीतर तोच एक शॉर्ट झालेला वेढा होतो. तिसरी, ट्रान्सफॉर्मर वार्निशमध्ये नुसता बुचकळून न काढता बुडवून ठेवून भट्टीत वाळवून घ्या, आणि तुमच्यासमोर मेगर लावून इन्सुलेशन दाखवायला सांगा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कच्च्या वार्निशचा ट्रान्सफॉर्मर हमखास दगा देतो.

अमेरिकन ट्रान्सफॉर्मरबद्दलही एक सांगून ठेवतो. फक्त ६० हर्ट्झसाठी काटेकोर बांधलेला नग आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, कारण त्याच व्होल्टेजला गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र वीस टक्क्यांनी वाढते. म्हणून मागवायचाच असेल तर ५०/६० लिहिलेला मागवा. माझे मत विचाराल तर इथेच करून घ्या.

कलाभवन

बॉबिन यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा हिशेब जोडते.

३०० व्होल्टच्या वर चालणाऱ्या एकट्या ६व्ही६ ला साधारण आठ हजार ओमचा लोड मानवतो. स्पीकर आठ ओमचा असेल तर इंपीडन्सचे (एसी प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे) गुणोत्तर एक हजार, आणि वेढ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे ३१.६. प्रायमरीला ३००० वेढे घातले तर सेकंडरीला ९५ घालावेत. सेकंडरी एकाच जागी न गुंडाळता प्रायमरीचे दोन भाग करून त्यांच्या मध्ये घातली तर वरचे स्वर अधिक स्वच्छ येतात. कारागिराला हे थोडे कटकटीचे वाटेल, पण आग्रह धरावा.

ट्रान्सफॉर्मर हातात आल्यावर गुणोत्तर तपासणे सोपे आहे. एखाद्या लहान ट्रान्सफॉर्मरचे ६ व्होल्ट एसी सेकंडरीला द्यायचे आणि प्रायमरीवर मोजायचे. १९० व्होल्टच्या जवळपास यायला हवेत. हे १९० व्होल्ट खरे असतात, त्यामुळे मोजताना तारांना हात लावायचा नाही.

सरळ तार

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. मी मंचावर वाजवतो. आजची डिजिटल उपकरणे डझनभर व्हॉल्व्ह अँप्लिफायरांचे आवाज एका लहानशा पेटीतून देतात. त्यांना उष्णता नाही, वजन नाही, साडेतीनशे व्होल्टचा धोका नाही. एवढा खटाटोप करून शेवटी एकच आवाज मिळणार असेल, तर तो वेळ रियाजाला द्यावा असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कलाभवन

सरळ तार, मंचावर रोज वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तुमचे म्हणणे रास्त आहे. वजन आणि उष्णता या खऱ्या अडचणी आहेत.

पण व्हॉल्व्हचा गुण केवळ आठवणींमुळे सांगितला जात नाही, त्याला कारण आहे. साध्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमध्ये भरपूर फीडबॅक असतो, म्हणजे बाहेरचा सिग्नल थोडा परत आत देऊन चूक सुधारली जाते, त्यामुळे सिग्नल मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडली की लाट एकदम सपाट कापली जाते. चँपसारख्या सर्किटमध्ये लाटेचा माथा हळूहळू दबत जातो, आणि एकटा व्हॉल्व्ह वरची व खालची बाजू सारखी दाबत नसल्यामुळे सम हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे स्वर) मोठ्या प्रमाणात मिसळतात. म्हणून हळू वाजवले तर स्वच्छ आणि जोरात वाजवले तर खरखरीत, हा फरक व्हॉल्यूमच्या बटणाला हात न लावता केवळ बोटांनी करता येतो. डिजिटल उपकरणे याची नक्कल आता फार चांगली करतात हे मी मान्य करते. पण स्वतः बांधलेल्या अँप्लिफायरमध्ये एक रेझिस्टर बदलला की काय बदलते हे कानाने कळते, आणि त्या शिक्षणासाठी एवढा खटाटोप करण्यासारखा आहे.

सरळ तार

शिकण्यासाठी असेल तर माझी हरकत नाही. दबत जाणाऱ्या माथ्याचा मुद्दाही समजला.

रावपुऱ्याचा रेडिओ

हरणी रोड, तुमचा प्रश्न मागे राहिला होता.

आधी रेडिओच्या मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हांवरची नावे वाचा, प्लग अर्थातच काढून ठेवून. नावाची सुरुवात यूने होत असेल, म्हणजे यूसीएल८२, यूवाय८५ असे काही असेल, तर त्या रेडिओला बहुधा मेन ट्रान्सफॉर्मरच नाही. त्यात सगळ्या व्हॉल्व्हांचे हीटर एकामागोमाग जोडून थेट लाइनवर चालवलेले असतात आणि चॅसिस लाइनच्या एका तारेला जोडलेले असते. रेडिओला लाकडाचा किंवा बॅकेलाइटचा खोका असल्यामुळे ऐकणाऱ्याचा हात तिथे पोहोचत नसे. गिटारची तार मात्र जॅकमधून थेट चॅसिसला जोडलेली असते आणि वाजवणाऱ्याची बोटे त्या तारेवर असतात. अशा रेडिओचा गिटार अँप्लिफायर कधीही, कोणीही करू नये. हे मी हात जोडून सांगतो.

नावाची सुरुवात ईने असेल, म्हणजे ईएल८४, ईसीसी८३, ईझेड८० वगैरे, तर हीटर ६.३ व्होल्टचे आहेत, आणि असे सेट सहसा ट्रान्सफॉर्मरवर चालतात. त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर ईएल८४ साठी पाच हजार ओमच्या आसपासचा असतो आणि त्याला फटही ठेवलेली असते, म्हणजे तुमच्या कामाचा. तरीही रेडिओ चालू होण्यासारखा असेल तर तो मोडू नका. त्याचे जुने कागदी कॅपॅसिटर गळत असतात, तेवढे बदलले की बरेच सेट पुन्हा बोलू लागतात. आजोबांच्या रेडिओवर पुन्हा एकदा बातम्या ऐकणे हेही मोठेच काम आहे.

हरणी रोड

काका, पुठ्ठा काढून पाहिले. यूसीएल८२ च निघाला. वेळेवर सांगितलेत, आभार. आता रेडिओच दुरुस्त करून घेतो.

फतेहगंज

मग व्हॉल्व्ह कोणते घ्यावेत? ईएल८४ की ६व्ही६? आणि जुने भारतीय व्हॉल्व्ह चालतील का?

रावपुऱ्याचा रेडिओ

दोन्ही उत्तम. ईएल८४ ला चालवायला सिग्नल कमी लागतो, २५० व्होल्टवर ४८ मिलिअँपिअर घेऊन तो साडेपाच वॉटपर्यंत देतो, आणि त्याचा आवाज वरच्या पट्टीत अधिक चमकतो. व्हॉक्सचे नामांकित अँप्लिफायर त्याच्यावरच उभे राहिले. ६व्ही६ थोडा गोलसर वाजतो आणि जास्त व्होल्टेज निमूटपणे सोसतो. दोघांचे सॉकेट वेगळे आहेत, ईएल८४ नऊ पिनांचा आणि ६व्ही६ आठ पिनांचा, त्यामुळे पत्रा कापण्याआधीच ठरवावे.

बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांचे ईएल८४ आणि ईसीसी८३ परदेशातले लोकही आजवर शोधून घेतात. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या फडताळात ते अजून सापडतात. खोक्यावर विसंबू नका, टेस्टरवर किंवा चालत्या सेटमध्ये लावून पाहून मगच घ्या. आत काचेवरचा चकचकीत डाग पांढरा पडला असेल तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली आहे, तो सरळ बाजूला ठेवा.

मांजलपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. व्हॉल्व्हांवरचा खर्च कमी करून ट्रान्सफॉर्मरकडे वळवतो आहे. दोन्हींचा तक्ता मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये दिला. फटीचे सांगितल्यावर तिथले वयस्कर कारागीर खुलले आणि पूर्वी सिनेमागृहांच्या अँप्लिफायरसाठी असे काम केल्याचे त्यांनी स्वतःहून सांगितले. तोवर स्पीकरबद्दल सांगाल का?

नवरात्र साउंड

आमचा साउंडचा व्यवसाय आहे, नवरात्रात गरब्याच्या मैदानांवर काम असते, म्हणून स्पीकरबद्दल लिहितो. पाच वॉटच्या अँप्लिफायरला वॉट सोसणारा स्पीकर शोधायचा नसतो, संवेदनशील स्पीकर शोधायचा असतो. एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा होम थिएटरचा वूफर आणि ९७ डेसिबल देणारा जुन्या पद्धतीचा कागदी कोनचा स्पीकर, यांत दहा डेसिबलचा फरक आहे, म्हणजे दहापट वॉटेजचा. तुमचे पाच वॉट तिथे पन्नासासारखे ऐकू येतील. मैदानावरच्या बेस बिनमधला जड वूफर गिटारला चालणार नाही, त्याचा कोन गिटारच्या वरच्या स्वरांना नीट हलत नाही. ट्वीटरही लावू नका. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर उतरत जातो आणि त्यामुळेच खरखरीचा कर्कशपणा कानाला लागत नाही.

स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधीही वाजवू नका. ट्रान्झिस्टरवाल्यांना याची सवय नसते. लोड नसेल तर प्रायमरीवर हजारांच्या घरात व्होल्टेज उसळते आणि नवा ट्रान्सफॉर्मर आतल्या आत जळतो.

कलाभवन

जोडणी सुरू होण्याआधी सुरक्षेचे लिहिते, आणि हे कोणी वरवर वाचू नये.

प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये साडेतीनशे व्होल्ट राहू शकतात. पहिल्या कॅपॅसिटरवर २२० किलोओमचा तीन वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा, म्हणजे तो आपोआप रिकामा होईल. तरीही प्रत्येक वेळी मीटरने मोजून, शून्य पाहूनच हात घाला. चालू असताना मोजायचे असेल तर मीटरची काळी तार चॅसिसला चिमट्याने लावा आणि एकाच हाताने मोजा, दुसरा हात खिशात. पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

चॅसिस अर्थच्या तारेला स्वतंत्र बोल्टने आवळलेले हवे आणि लाइनमध्ये फ्यूज हवा. दांडिया बाजार किंवा वाडीतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट बसवलेले असते, पण मागे अर्थिंगची तारच नसते. फेज आणि अर्थ यांत २३० व्होल्ट येतात का, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-चार व्होल्टच येतात का, हे मोजून पाहा. येत नसतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अँप्लिफायर नंतर. हम, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण, घालवण्यासाठी अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुठेही वाचलात तरी तो पाळू नका.

बॉबिन

ताईंच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. हमबद्दल थोडी भर घालतो. हम कोणत्या पट्टीत आहे हे आधी कानाने ठरवा. मोबाइलवरच्या साध्या ट्यूनरनेही ते कळते. ५० हर्ट्झचा असेल तर हीटरच्या तारा किंवा ग्राउंडिंग तपासा. १०० हर्ट्झचा असेल तर रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कॅपॅसिटर. हीटरच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या, आणि ६.३ व्होल्टचा सेंटर टॅप ग्राउंडऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) जोडून पाहा. तिथले वीसेक व्होल्ट हीटरला मिळाले की पहिल्या व्हॉल्व्हमध्ये झिरपणारा हम बराच कमी होतो.

मांजलपूरकर

जोडणी पूर्ण झाली! सिरीज बल्ब मंद झाला, हीटर पेटले, व्होल्टेज योग्य आले. पण व्हॉल्यूम कितीही कमी ठेवला तरी स्पीकरमधून मोठा कर्कश चीत्कार येतो, गिटार जोडलेली नसतानाही. तारा सर्किटप्रमाणेच आहेत, पुन्हा पुन्हा तपासल्या. काय असेल?

रावपुऱ्याचा रेडिओ

स्पीकरकडून १२एएक्स७ च्या दुसऱ्या कॅथोडला येणारा २२ किलोओमचा रेझिस्टर एका टोकाने सोडवून पाहा. चीत्कार थांबला तर फीडबॅक उलट्या दिशेने येतो आहे. गुंडाळताना सुरुवातीचे टोक आणि शेवटचे टोक यांवर खूण नसते, त्यामुळे निम्म्या वेळा असे होणारच. प्लग काढा, कॅपॅसिटर रिकामा झाल्याचे मोजा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारा अदलाबदल करा आणि रेझिस्टर परत जोडा.

मांजलपूरकर

काका, तंतोतंत तेच होते. प्रायमरीच्या तारा बदलल्या आणि चीत्कार नाहीसा झाला. आवाज असा आला आहे की रात्री उशिरापर्यंत गिटार खाली ठेवावीशी वाटली नाही. जाड तारेचा मोकळा स्वर भरदार येतो आणि जोरात छेडल्यावर जी खरखर येते ती गोड आहे.

मोजलेले आकडे देतो. रेक्टिफायरनंतर ३५२ व्होल्ट, ६व्ही६ च्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकावर) ३३८, कॅथोडवर ४७० ओमला १९.६ व्होल्ट. हे ठीक आहे का?

कलाभवन

अभिनंदन! हिशेब करू. १९.६ भागिले ४७० म्हणजे ४१.७ मिलिअँपिअर. त्यातले व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडचे तीनेक वजा केले तर प्लेटचे ३८.७. प्लेट आणि कॅथोड यांतला फरक ३१८ व्होल्ट. गुणाकार १२.३ वॉट येतो. ६व्ही६ ची जुन्या पद्धतीने दिलेली मर्यादा १२ वॉट, नंतरच्या तक्त्यांत १४. म्हणजे नवा व्हॉल्व्ह चालेल, जुना जपायचा असेल तर काठावर आहे. कॅथोडला ४७० ऐवजी ५६० ओम, पाच वॉटचा लावलात तर प्रवाह उतरेल आणि आवाजात फार फरक पडणार नाही. रात्री लाइन चढल्यावर पुन्हा एकदा मोजून ठेवा.

बॉबिन

लाइन २४० च्या वर जात असेल तर २४५ चा टॅप वापरा, त्याच्यासाठीच तो काढला आहे. आणि मांजलपूरकर, वर्कशॉपला दिलेला वाइंडिंगचा तक्ता, तारेचा गेज आणि फटीच्या कागदाची जाडी यांसह इथे टाकाल का? पुढच्या माणसाला तोच घेऊन सरळ मकरपुऱ्यात जाता येईल.

मांजलपूरकर

५६० ओमचा रेझिस्टर आजच आणतो. तक्ता उद्या टाकतो. फटीचा कागद कारागिरांनी समोर मोजून घातला होता, त्याचा आकडा माझ्याकडे लिहून ठेवलेला आहे.